रोगराईचा नकाशा

भूगोल हा विषय घेतला म्हणजे नद्या, पर्वत, राजधान्या पाठ करावयाच्या आणि परीक्षेत नकाशा भरून पाच-सहा गुण पदरात पाडून घ्यावयाचे, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. परंतु याच विषयाची एक शाखा रोगांचा अभ्यास करते. कोणता रोग कोठे होतो, तेथेच का होतो आणि तेथून पुढे कोणत्या वाटेने जातो, याचा शोध ती नकाशाच्या आधारे घेते. या शाखेला वैद्यकीय भूगोल म्हणतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत टिंब पद्धतीचे नकाशे काढताना माझी तिच्याशी ओळख झाली. ती ओळख मित्रांना व गुरुजनांना करून द्यावी आणि आपल्या मंठा तालुक्यापुरता तिचा काय उपयोग होईल तेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रजिस्टर आणि नकाशा

ताप आलेला माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर विचारतात, 'काय होते आहे? किती दिवसांपासून?' त्याच्या उपचारासाठी तेवढे पुरते. परंतु त्याच आठवड्यात तशाच तापाचे दहा रुग्ण आले तर आणखी एक प्रश्न उभा राहतो : हे सगळे राहतात कोठे? दहा जण दहा गावचे असतील तर त्याचा अर्थ एक, आणि दहाही जण एकाच गल्लीतले, एकाच आडावर पाणी भरणारे असतील तर अर्थ अगदी वेगळा.

दवाखान्याच्या रजिस्टरात नावे तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहिलेली असतात. त्यामुळे भिंतीला भिंत लागून राहणारी दोन माणसे रजिस्टरात चार पाने दूर असू शकतात. नकाशावर मात्र ती शेजारीच येतात. नकाशाचे सारे सामर्थ्य या साध्या गोष्टीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कार्यक्षेत्राचा नकाशा टांगलेला असतो, तो याचसाठी. साथ आली की त्यावर रुग्णांची टिंबे देतात. त्याला 'स्पॉट मॅप' म्हणतात.

लंडनचा पंप

या पद्धतीचा उल्लेख निघाला की डॉ. जॉन स्नो यांचे नाव येतेच. सन १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. रोग दुर्गंधीयुक्त हवेने पसरतो असे त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांचे मत होते. स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी घरोघर चौकशी केली तेव्हा मृत्यूंची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती असल्याचे दिसले. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

ही कथा सर्वत्र सांगितली जाते. पण तिच्यातल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की, स्नो यांचा प्रसिद्ध नकाशा दांडा काढल्यानंतर तयार झाला. आधी झाली ती पायपीट आणि विचारपूस. नकाशाने ती लोकांना पटेल अशा रीतीने मांडली. दुसरी गोष्ट अशी की, नकाशावरच्या टिंबांइतकीच त्यावरची मोकळी जागाही बोलकी होती. पंपाच्या जवळच निराधारांचे एक श्रमगृह (वर्कहाउस) होते. तेथे शेकडो माणसे राहत असूनही मृत्यू फार थोडे झाले, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई पटकीने गेली. तेव्हा कळले की, तिला त्याच पंपाचे पाणी आवडे म्हणून ते मुद्दाम मागविले जात असे.

या कामात हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याचा वाटा मोठा होता. प्रारंभी त्याला स्नो यांचे म्हणणे पटले नव्हते. पण त्या वस्तीतले प्रत्येक घर त्याच्या ओळखीचे होते. साथीची सुरुवात ज्या आजारी बाळापासून झाली असावी ते बाळ त्यानेच शोधून काढले. बाळाचे कपडे धुतलेले पाणी पंपालगतच्या शोषखड्ड्यात जात होते आणि तेथून ते विहिरीत झिरपत होते. डॉक्टरकडे तर्क होता आणि पाद्र्याकडे ओळख होती. आपल्याकडे आज ही ओळख आशाताईंकडे आणि उपकेंद्रातील सिस्टरकडे आहे.

टिंब 'कोठे' ते सांगते, 'का' ते नव्हे

लंडनची कथा ऐकून कोणाला वाटेल की नकाशा काढला म्हणजे रोगाचे कारण हाती आले. तसे नाही, हे आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ठिकाण कळले होते : गोदीजवळची, धान्याच्या गोदामांची, दाट वस्ती. कारण मात्र कळले नव्हते. घाण आणि कोंदट हवा यांवरच सरकारचा रोख होता. म्हणून घरे धुतली गेली, सामान जाळले गेले, माणसे उचलून रुग्णालयात व छावण्यांत नेली गेली. प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत दाखविले. गोदाम, धान्य, उंदीर आणि पिसू ही साखळी जुळल्यावर मांडवीचा खरा अर्थ लागला.

पुण्यातला अनुभव आणखी कडू होता. १८९७ साली रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सैनिकांनी घरे तपासली. लोकांच्या मनात इतकी चीड आणि भीती बसली की ते रुग्ण लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला, तो प्रसंग आपण इतिहासात शिकतो. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या आजाऱ्याच्या दारी सेवेसाठी गेल्या होत्या आणि सैनिक धाकाने गेले होते. रोगाची खरी माहिती कोणाला मिळेल, हे यावरून ओळखावे. ज्या घरी माणूस लपविला जातो त्या घराचे टिंब नकाशावर पडत नाही आणि रोग तेथून निर्धास्तपणे पुढे जातो.

बारव आणि नारू

आता आपल्या भागाकडे वळू. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या माणसांना नारू माहीत आहे. पायाच्या जखमेतून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर येई आणि माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळे. पायऱ्यांच्या विहिरी म्हणजे बारवा हे या रोगाचे ठरलेले ठिकाण. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की जंताच्या अळ्या पाण्यात पडत. त्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जिवात वाढत आणि ते पाणी गाळून न घेता पिणाऱ्याच्या पोटात जात. जंत बाहेर पडावयास त्यानंतर सुमारे एक वर्ष लागे.

नकाशा काढणाऱ्यासाठी येथे मोठा धडा आहे. आज ज्याच्या पायातून नारू निघाला त्याने दूषित पाणी प्याले ते गेल्या वर्षी. म्हणजे आजच्या रुग्णांचा नकाशा हा गेल्या वर्षीच्या पाण्याचा नकाशा असतो. मधल्या काळात लग्न होऊन सून या गावी आली असेल तर दोष तिच्या माहेरच्या विहिरीचा, आणि टिंब मात्र सासरच्या गावावर! म्हणून प्रत्येक टिंबाबरोबर तारीख लागते, आणि 'त्या वेळी तुम्ही कोठे होता?' हा प्रश्नही लागतो.

भारतात १९८० च्या दशकात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कर्मचाऱ्यांनी गावोगाव घरे पालथी घालून रुग्ण शोधले. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, पाण्यात औषध टाकले, फडक्याने पाणी गाळण्याची सवय लावली. या रोगावर लस नव्हती आणि जंत मारणारे खात्रीचे औषधही नव्हते. कोणत्या गावात, कोणत्या पाणवठ्यावर, कधी, ही माहितीच कामी आली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

कागदावरून संगणकाकडे

या जुन्याच पद्धतीला आता संगणकाची जोड मिळाली आहे. तिला भौगोलिक माहिती प्रणाली किंवा जीआयएस म्हणतात. १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी जमिनीच्या नोंदींसाठी ती प्रथम विकसित केली. नाव भारदस्त असले तरी कल्पना सोपी आहे. चार ट्रेसिंग पेपर घ्या. पहिल्यावर गावातील घरे व रस्ते काढा. दुसऱ्यावर विहिरी, हातपंप, नळाची वाहिनी आणि तिचे व्हॉल्व्ह. तिसऱ्यावर ओढे, गटारे, उकिरडे. चौथ्यावर फक्त रुग्णांची घरे. आता चारही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा. गटार जेथे नळाच्या वाहिनीला ओलांडते तेथून पुढच्याच घरांत जुलाबाचे रुग्ण असतील तर ते तत्काळ नजरेत भरेल. संगणकात हे कागद म्हणजे 'थर' होत. ते नेमके एकावर एक बसावेत म्हणून प्रत्येक घराला, प्रत्येक विहिरीला तिचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. पूर्वी त्यासाठी मोजणीची साधने लागत. आता खिशातल्या मोबाइलमधील जीपीएस काही मीटरच्या फरकाने ते सांगतो. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून साचलेले पाणी, झाडी आणि वस्ती यांचेही थर मिळतात. क्यूजीआयएससारखी संगणक प्रणाली तर विनामूल्य आहे.

प्रणालीचे दुसरे काम म्हणजे परीघ आखणे. डेंग्यूचा डास आपल्या जन्मस्थानापासून फार लांब उडत नाही. सामान्यतः काही शे मीटरच्या आतच तो वावरतो. म्हणून रुग्णाचे घर मध्यबिंदू धरून वर्तुळ आखले की कोणत्या घरांतील रांजण, हौद आणि टाक्या आधी तपासावयाच्या ते ठरते. उगाच साऱ्या गावात धूर फवारीत हिंडावे लागत नाही.

भारतात एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ साली सुरू झाला. त्यात उपकेंद्रापासून जिल्ह्यापर्यंत साथीच्या रोगांची माहिती ठरावीक नमुन्यांत गोळा होऊ लागली. २०२१ पासून ही नोंद संगणकीय व्यासपीठावर ठिकाणासह होते.

सिंहगड रस्त्यावरील साथ

या पद्धतीचे ताजे उदाहरण पुण्याचे आहे. मंठ्याची कितीतरी मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्यात राहतात, त्यामुळे ते आपल्या घरचेच म्हणावे लागेल. २०२५ च्या जानेवारीत तेथील रुग्णालयांत हातापायांतील शक्ती अचानक जाणारे रुग्ण येऊ लागले. गुलेन-बारी सिंड्रोम हा विकार एरवी क्वचितच आढळतो. पाहता पाहता संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काहींचा मृत्यू झाला. रुग्ण वेगवेगळ्या रुग्णालयांत विखुरलेले होते. त्यांचे पत्ते नकाशावर मांडले तेव्हा सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात ते दाटलेले दिसले. त्यातली काही गावे महापालिकेत अलीकडच्या वर्षांतच सामील झाली होती. नांदेड गावच्या मोठ्या विहिरीकडे तपासणाऱ्यांचे लक्ष गेले, खाजगी शुद्धीकरण केंद्रांच्या पाण्याचे नमुने घेण्यात आले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला.

हा विकार बहुधा जुलाब होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो. म्हणजे नारूसारखेच येथेही टिंब मागच्या पाण्याकडे बोट दाखवीत होते, फक्त वर्षाऐवजी आठवड्यांच्या अंतराने. आणि मांडवीप्रमाणेच येथेही नकाशाने ठिकाण दाखविले. पुढचे काम प्रयोगशाळेचे होते.

टिंबे मोजताना

एक खबरदारी प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. समजा, एका गावाची लोकसंख्या २,००० आहे आणि तेथे काविळीचे २० रुग्ण आहेत. त्याच ग्रामपंचायतीतील तांड्यावर २०० माणसे राहतात आणि तेथे ६ रुग्ण आहेत. टिंबांच्या नकाशात गाव भरलेले दिसेल आणि सर्वांचे लक्ष गावाकडे जाईल. पण दर हजारी प्रमाण काढले तर गावात ते १० येते आणि तांड्यावर ३०! खरे संकट तांड्यावर आहे. क्षेत्रघनी पद्धतीत दोन्ही मिळून एकच छटा दिली तर २,२०० माणसांत २६ रुग्ण, म्हणजे हजारी सुमारे १२ एवढेच दिसेल आणि तांडा त्या रंगात बुडून जाईल. याला दुसरी बाजूही आहे. २०० च्या वस्तीत एक रुग्ण कमी-जास्त झाला तरी प्रमाण ५ ने बदलते. म्हणून लहान वस्तीचा आकडा पाहून घाईने निष्कर्ष काढू नये, तेथे जाऊन पाहावे.

मंठ्याचा नकाशा कोण काढणार?

आपल्या तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ आहेत. कित्येक तांडे महसुली गाव म्हणून वेगळे नोंदलेले नसतात, त्यांची गणती मूळ गावातच होते. साहजिकच नकाशातही तांडा मूळ गावात विरून जातो. त्याची पाण्याची सोय वेगळी, दवाखान्याचे अंतर वेगळे, पण आकडा एकच.

दुसरी अडचण स्थलांतराची आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे कारखान्याच्या परिसरातील किंवा उसाच्या फडाजवळची कोपी. क्षयरोगाचा नेहमीचा उपचारही सुमारे सहा महिन्यांचाच असतो. ज्याचा उपचार दिवाळीत सुरू झाला त्याचे नाव मंठा तालुक्याच्या यादीत आणि माणूस फडावर! येथील आशाताई दार ठोठावते तेव्हा कुलूप असते, आणि तेथील आशाताईच्या यादीत त्याचे नाव नसते. क्षयरुग्णांची नोंद आता देशभर निक्षय या संगणकीय प्रणालीत होते, त्यामुळे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात उपचार वर्ग करता येतो. पण त्यासाठी हा माणूस चालला आहे, कोठे चालला आहे, हे कोणीतरी वेळेवर सांगावे लागते. कोपीला घरक्रमांक नसतो. ज्याला घरक्रमांक नाही त्याचे टिंब कोठे द्यावयाचे, हा प्रश्न संगणक सोडवीत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला तो आपल्या घरच्यांनी भोगला आहे. नळाला जेथे आठवड्याने पाणी येते तेथे माणसे टाक्या, ड्रम, रांजण भरून ठेवणारच. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणते. पण पुढचे पाणी केव्हा येईल याचा भरवसा नसेल तर भरलेली टाकी उपडी कोण करील? ज्या गल्लीत पाणी उशिरा येते तीच गल्ली डासांची असेल, तर पाणी सुटण्याच्या वेळापत्रकाचा थर नकाशात आलाच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीवरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. तेही एका थरावर मांडता येईल.

नाव नको, टिंब पुरे

हे सारे करताना १८९७ चे पुणे विसरून चालणार नाही. २०२० च्या कोरोना साथीत रुग्णांच्या दारावर फलक लागले, नावांच्या याद्या मोबाइलवरून गावभर फिरल्या. पुष्कळ घरांना आजारापेक्षा लोकांच्या नजरेचा त्रास अधिक झाला. असे फलक सरसकट लावण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात सांगितले. म्हणून नियम सोपा असावा. कामाच्या नकाशात घर असू द्यावे आणि तो आरोग्य कर्मचाऱ्याजवळच राहावा. लोकांसमोर मांडावयाच्या नकाशात केवळ वस्ती आणि संख्या असावी. वस्ती फार लहान असेल तर संख्याही गाळावी. क्षयरोग व कुष्ठरोग यांबाबत तर हा नियम कसोशीने पाळावा.

आपण काय करू शकतो

आरोग्य खात्याचे काम विद्यार्थ्यांनी करावे असे मी म्हणत नाही. रोगाचे निदान, औषधोपचार, रुग्णांची यादी हे त्यांच्याकडेच राहावे. पण नकाशातला पायाचा कागद, म्हणजे घरे, तांडे, वाड्या, पाणवठे आणि गटारे, तयार करण्यास रुग्णाचे नाव लागत नाही, गुपित काही उघडे पडत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावी होते. त्या शिबिरात भूगोल विभागाच्या मुलामुलींनी मोबाइल घेऊन गावातील प्रत्येक विहिरीचे, हातपंपाचे आणि व्हॉल्व्हचे स्थान टिपावे. शेवटचा टीसीएल पावडरचा डोस कधी पडला ते विचारून लिहावे. तांड्यावर आणि गावाबाहेरच्या वस्तीवर आधी जावे. ऊसतोडीला कोणत्या गल्लीतून किती कुटुंबे जातात ते, नावे न लिहिता, नोंदवावे. तयार नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक उपकेंद्राला द्यावी.

हे काम मेअखेर पूर्ण व्हावे. मृगाचा पाऊस पडला, ओढ्याचे गढूळ पाणी विहिरीत उतरले आणि जुलाबाचा पहिला रुग्ण आला की सिस्टरला नकाशा काढावयास वेळ नसतो. त्या दिवशी तिच्या भिंतीवर कागद आधीपासून टांगलेला असेल तर तिला फक्त टिंब द्यावे लागेल. आमच्या विभागातील प्राध्यापकांनी या विचाराला मान्यता द्यावी आणि येत्या शिबिरात एका गावापासून सुरुवात व्हावी, अशी माझी त्यांना विनंती आहे. तांड्यावर राहणारे आणि ऊसतोडीला जाऊन आलेले विद्यार्थी आपल्या वर्गातही आहेत. त्या कामात पहिला मान त्यांचा असावा, कारण सरकारी नकाशात नसलेल्या वाटा त्यांच्या पायाखालच्या आहेत.